माळावरची पिवळी हबेनारिया : प्रकल्प नोंदी, २०२३

८ जून

गावाची लोकजैवविविधता नोंदवही भरायचं काम गावाच्या जैवविविधता समितीनं आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाकडे दिलंय. झाडं, पक्षी, पिकांची जुनी वाणं एवढं मुलांनी मागच्या वर्षी उरकलं. राहिला तो गायरानाचा माळ. पाटण तालुक्याच्या या पश्चिम अंगाला कोयना अभयारण्याची हद्द जवळच आहे, पण आमचा माळ त्या हद्दीबाहेरचा. २०१२ साली युनेस्कोच्या यादीत महाराष्ट्रातल्या कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी या चार जागा गेल्या. माळाला त्यातलं काहीच लागू नाही. तो गुरांचा आणि गवताचा.

त्या माळावर पिवळी हबेनारिया आहे. शास्त्रीय नाव हबेनारिया मार्जिनाटा. जमिनीत वाढणारी आमरी. आमरी म्हटलं की लोकांना झाडाच्या फांदीवरून लोंबणारी सीतेची वेणी आठवते. ही मात्र गवतात उभी राहते आणि उंचीला फार तर वीत-दीड वीत. महाराष्ट्रात शंभराच्या वर आमऱ्या आहेत, त्यातल्या बऱ्याच अशा जमिनीवरच्या, आणि हबेनारियांची फुलं बहुतेक पांढरी किंवा हिरवट. ही पिवळीधमक.

काम असं ठरवलंय : ती माळावर कुठं कुठं आहे ते टिपायचं, फुलोरा ते बी हा काळ नोंदवायचा, आणि गवत कापणीशी तो काळ जुळतो का ते बघायचं. यातला तिसरा मुद्दा माझा. नोंदवहीच्या नमुन्यात त्याला रकाना नाही.

२६ जून

पाऊस एकदाचा आला. बिपरजॉय वादळानं सगळं ओढून नेलं होतं. काल मुंबईत आणि दिल्लीत मोसमी वारे एकाच दिवशी पोचले म्हणे. आमच्याकडे मृग कोरडाच गेला. माळ अजून तपकिरी आहे, जांभा खडक उघडा. दोन-तीन चांगल्या सरी झाल्याशिवाय वर जाण्यात अर्थ नाही.

९ जुलै

माळ हिरवा झालाय. पहिली फुलं काळ्या मुसळीची, जमिनीलगत पिवळ्या चांदण्या. "सर, सापडली!" म्हणून तिघेजण तीन दिशांनी ओरडले आणि तिन्ही मुसळ्या निघाल्या. चालायचंच. सहा सुट्या पाकळ्या सारख्या दिसल्या की आमरी नव्हे, एवढं आज पक्कं झालं. आमरीत एक पाकळी बाकीच्यांपेक्षा वेगळी असते, ओठासारखी पुढं आलेली.

खरी आमरीही भेटली, पण पांढरी : हबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस. गोल पान जमिनीला चिकटून पसरलेलं, मधून दांडा, त्यावर फूल. हबेनारियांत ही सगळ्यांत घाईची, पाऊस पडला की उगवते. हिच्यामागून श्रावण-भाद्रपदात हेनेआना येईल, जिला कासला येणारे लोक टूथब्रश ऑर्किड म्हणतात. सगळी फुलं दांड्याच्या एकाच बाजूला. आपल्या पिवळीचा नंबर शेवटी शेवटी.

मुलांना आज एवढंच सांगितलं की कंद उकरून बघायचा मोह आवरा. या आमऱ्यांच्या जमिनीखाली दोन गड्डे असतात. एक गेल्या वर्षीचा, ज्याच्यावर यंदाचं झाड उभं राहतं आणि तो सुकत जातो; दुसरा शेजारी भरत येणारा, पुढच्या वर्षाचा. उपटलं की आताचं झाड जातं आणि पुढच्या वर्षाचंही.

एका मुलीनं विचारलं, "सर, औषधी आहे का?" दरवर्षी प्रत्येक झाडाबद्दल हा प्रश्न येतो. उत्तर द्यायचं टाळलं. यावर वेगळं लिहीन.

३० जुलै

पिवळीची पानं सापडली. माळाच्या वरच्या अंगाला, जिथं खडक उघडा आहे आणि त्याच्या कडेनं मातीचा उथळ थर आहे, तिथं. तीन ते पाच पानं, लांबट, सगळी बुडाशी, जमिनीलगत पसरलेली. फूल नसताना ओळखायची खूण पानाच्या काठाला असते : बारीक, फिकट पिवळसर रेघ, सगळ्या कडेनं अखंड फिरलेली. पान उन्हाकडे धरलं (तोडायचं नाही, मान वाकडी करून आपणच खाली व्हायचं) की रेघ उजळून दिसते. एका पोरानं सरळ पालथं पडून बघितलं आणि म्हणाला, "साडीचा काठ." त्यानंतर ओळखायला कोणी चुकलं नाही.

मार्जिनाटा, म्हणजे काठवाली, हे नाव तिला हेन्री थॉमस कोलब्रूक यांनी दिलं. संस्कृतचे पंडित कोलब्रूक म्हणतात ते हेच, ज्यांनी १८०८ मध्ये अमरकोश इंग्रजी अर्थांसह छापला. कंपनी सरकारची नोकरी, वर संस्कृत, वर वनस्पती. त्या काळी माणसाला वेळ बराच मिळत असावा.

खुणा करण्यावर वाद झाला. मुलांना रंगीत झेंड्या लावायच्या होत्या. झेंडी लांबून दिसते, आणि जे लांबून दिसतं ते गुराखी पोरं उपटतात नाहीतर पर्यटक फोटोला येतात. मोबाइलच्या जीपीएसनंही भागत नाही. तो दोन-चार मीटर इकडंतिकडं दाखवतो आणि आपलं झाड तळहाताएवढं. शेवटी जुनीच पद्धत घेतली. खडकावर न हलणारी दोन ठिकाणं धरायची, दोन्हीकडून टेपनं अंतर मोजायचं, वहीत लिहायचं. झाडाशेजारी फक्त एक खिळा, वायसर घातलेला, मातीला टेकवून. तो सापडायला टेप लागतो, म्हणजे ज्याच्याकडे वही आहे त्यालाच सापडतो.

फुलोरा येईल तीच झाडं मोजायची असं काहींचं म्हणणं होतं. नको. या आमऱ्या एखाद्या वर्षी नुसती पानं काढतात, दांडा काढतच नाहीत. एखाद्या वर्षी वरही येत नाहीत, गड्ड्यातच राहतात. फक्त फुलं मोजली तर एका वर्षी "नष्ट झाली" आणि दुसऱ्या वर्षी "वाढली" अशी बातमी होते. पानांचे पुंजके मोजायचे, फुलोरा वेगळ्या रकान्यात.

२० ऑगस्ट

पावसानं दडी मारली आहे. अधिक महिन्याचा शेवट कोरडा गेला, आता निज श्रावण लागला तरी आभाळ रिकामंच. खाली भात पिवळा पडतोय, लोकांचं माळाकडं लक्ष नाही आणि माझी मुलं शेतावर मोटरी धरायला.

एकटाच जाऊन आलो. खडकाच्या कडेची माती बोटानं दाबली तर भुरभुरली. पानं जिवंत आहेत, पण दोन पुंजक्यांची टोकं करपली. नोंद केली, फोटो काढला, उतरलो.

३ सप्टेंबर

संपूर्ण ऑगस्ट असा कोरडा गेला की १९०१ पासूनच्या नोंदींत देशात इतका कोरडा ऑगस्ट नाही, असं हवामान खात्याचं म्हणणं पेपरात आलंय.

आज धनगरवाड्यावरचे एक बाबा वर भेटले. म्हशी घेऊन होते. पान दाखवून विचारलं, बाबा, हे काय?

"आवो, हे व्हय? गवतातच आसतं ते. पिवळं फूल येतं गणपतीच्या टायमाला."

"याला काय म्हणता?"

"काय बी न्हाय म्हणत. कशाला म्हणायचं?"

त्यांना माहीत होतं ते वेगळंच होतं, आणि माझ्या दृष्टीनं नावापेक्षा मोलाचं. म्हणाले, खालच्या बाजूला, जिथं वीसेक वर्षांपूर्वी रोपं लावायची म्हणून कुंपण घातलं, तिथंही आधी ही फुलं होती. कुंपणात गुरं जायची बंद झाली, गवत कमरेएवढं झालं, आणि मग "दिसलं न्हाय परत." रोपंही जगली नाहीत, कुंपणही मोडलं, पण गवताचे जुने ठोंब तिथं अजून दाट आहेत.

जाऊन बघितलं. खरंच, त्या चौकोनात आमचा एकही पुंजका नाही. आता एका माणसाच्या आठवणीवर आणि एका चौकोनावर निष्कर्ष काढायचा नसतो, हे मुलांना मीच शिकवतो. तरी बाबांचं म्हणणं ओळखीचं वाटलं. कासला जाळीचं कुंपण घातलं तेव्हाही हाच वाद झाला होता : चराई थांबली की उंच गवत आणि झुडपं चढतात आणि बुटक्या फुलांना ऊन मिळत नाही. तिथली जाळी पुढं काढली. वीतभर उंचीच्या झाडाला गुरांचं तोंड शत्रू वाटतं, पण भोवतीचं गवत तेच खाली ठेवतं.

पालकांपैकी एकांनी "संस्थेतर्फे कुंपणाला मदत मिळवून देतो" असं म्हटलं होतं. त्यांना नको म्हणून कळवलं. नाराज झाले.

१० सप्टेंबर

पाऊस परत आला. चार दिवस चांगला. पानांच्या मधून दांडे वर यायला लागलेत, करंगळीच्या पेराएवढे, कळ्या अजून हिरव्या आणि एकमेकींना चिकटून.

२४ सप्टेंबर

काल गौरी-गणपती गेले, आज सगळी पोरं मोकळी. माळ फुललाय. आणि इथंच पंचाईत : सोनकी पिवळी, कवला पिवळा, त्यात आपली पिवळी. लांबून बघितलं तर सगळं एकच. सोनकीचं फूल सपाट, सूर्याकडं तोंड केलेलं. कवल्याची फुलं झुबक्यानं. हबेनारिया उभा दांडा असतो, खालून वर फुलत जाणारा, आणि तिचा पिवळा जरा जड, हळदीकडे झुकणारा. गुडघ्यावर बसलं की मगच तो दांडा गवतातून सुटून दिसतो. खिळे शोधत गेलो तेव्हा सापडल्या. नुसतं डोळ्यांनी शोधणाऱ्यांना निम्म्याही मिळाल्या नाहीत.

एक दांडा घेऊन (घेऊन म्हणजे त्याच्यासमोर पालथं पडून, भिंगानं) नीट बघितला.

फुलं दाट, दांड्याभोवती सगळ्या बाजूंनी. बाहेरची संदलं, म्हणजे कळीला झाकणारी दलं, हिरवट. वरचं संदल आणि दोन पाकळ्या मिळून फुलाच्या डोक्यावर टोपी करतात. पिवळा रंग पाकळ्यांचा आणि ओठाचा. ओठाचे मुळापासून तीन फाटे : बाजूचे दोन बारीक आणि पसरलेले, मधला सरळ खाली. ओठाच्या बुडातून मागच्या बाजूला एक नळी निघते, खाली वाकते आणि टोकाशी फुगीर होते. उन्हात धरलेल्या एका फुलात त्या फुगीर टोकात रस चकाकताना दिसला.

मुलांना सगळ्यांत गंमत वाटली ती देठाची. फुलामागे देठासारखं दिसतं ते खरं तर बीजांडकोश, आणि तो पिळलेला असतो. कळी असताना ओठ वरच्या बाजूला असतो. उमलताना फूल स्वतःला अर्धा फेरा फिरवून घेतं, तेव्हा कुठं ओठ खाली येतो आणि किड्याला उतरायला जागा होते. पीळ भिंगाशिवायही दिसतो. एकाच दांड्यावर वरच्या कळ्यांत पीळ नाही, मधल्यांत अर्धा, खालच्या फुलांत पूर्ण, असं ओळीनं बघायला मिळालं. यावर तासभर गेला आणि गेला ते बरंच झालं.

फोटो पुण्याला माझ्या जुन्या मॅडमना पाठवले, ओळख पक्की करायला. पानाच्या काठाचा फोटो बघून त्यांनी लगेच होकार दिला. नमुना तोडून आणू नका असंही बजावलं. कोरेगाव रस्त्यावर बीएसआयच्या (भारतीय वनस्पती सर्वेक्षण) हर्बेरियममध्ये जुने वाळवलेले नमुने आहेत, ते बघायला मुलांना नेता येईल. सहलीच्या यादीत टाकलं.

१ ऑक्टोबर

परागकणांचं प्रात्यक्षिक. बारीक टोक केलेली पेन्सिल फुलाच्या मधोमध हळूच टेकवायची, जिथं किड्याचं डोकं टेकेल तिथं. मागं घेतली की टोकाला पिवळे दोन परागपुंज चिकटून येतात, देठासकट. आमरीचे परागकण सुटे उडत नाहीत. गठ्ठ्यानं जातात, बुडाशी चिकट तबकडी असते तिच्या जोरावर. गठ्ठा चुकीच्या फुलावर गेला तर सगळाच वाया. बरोबर गेला तर एका खेपेत हजारो बियांचं काम होतं.

प्रात्यक्षिक दोनच फुलांवर केलं, आणि काढलेले पुंज शेजारच्या झाडाच्या फुलात टेकवून दिले. फुकट घालवायचे कशाला.

खालच्या काही जुन्या फुलांतून पुंज आधीच गेलेले होते. म्हणजे कोणीतरी येऊन जातंय.

८ ऑक्टोबर

रानडुकरांनी उत्तरेकडचा कोपरा नांगरून टाकला. तिथले खिळे मातीत विखुरलेले. गड्डे खाल्ले असणार. यावर करण्यासारखं काही नाही. नकाशावर कोपरा काट मारून ठेवला, पुसला नाही. पुढच्या वर्षी तिथं काही उगवतं का ते बघायचं आहे.

१५ ऑक्टोबर

आज घटस्थापना. फुलोरा संपत आला. खालच्या फुलांची बोंडं धरलीत, हिरवी, पीळ तसाच. आता खरा प्रश्न.

गायरानाच्या गवताचा लिलाव झालाय. दसऱ्यानंतर कापणी. आमची बोंडं पिकून फुटायला अजून महिना लागेल. विळा मुठीनं गवत धरून बुडाशी लागतो आणि त्या मुठीत आमरीचा दांडाही येतो. झाड त्यानं मरत नाही, खाली नवा गड्डा तयार आहे. पण बी होत नाही. एखाद्या वर्षी चालेल. दरवर्षी असंच झालं तर जुनी झाडं म्हातारी होऊन संपतील आणि मागं कोणी नसेल. माझा सगळा प्रकल्प या एका वाक्यापाशी येऊन थांबतो.

संध्याकाळी गवत घेणाऱ्यांच्या घरी गेलो. लिलाव नवऱ्याच्या नावावर, कारभार आक्कांचा. म्हटलं, आक्का, माळाचा वरचा पट्टा महिनाभर उशिरा कापाल का?

आक्कांनी मला असं बघितलं की मी पैसे उसने मागायला आलोय.

"सर, तुमास्नी गवताचं काय ठावं हाय का? कुसळ सुटली की गवताला कोन इचारतंय? गुरांच्या तोंडाला टोचतंय ते. आन् दाणा झडल्यावर नुसती काडी ऱ्हाती."

बरोबर आहे. गवत फुलोऱ्यावर असताना कापलं तर त्यात कस असतो. पवन्या, मारवेल ही गवतं तोवरच गोड. नंतर कुसळीचे भाले सुटतात, ते कपड्यालाही सोडत नाहीत. आमरीला जो महिना हवा आहे, तो गवताचा वाईट महिना. यात आक्कांचं नुकसान सरळ आहे, आणि एका फुलापायी दुसऱ्याच्या दुभत्या म्हशीचा चारा बिघडवा म्हणायला मला तोंड नव्हतं. चहा झाला. विषय तिथंच राहिला.

१८ ऑक्टोबर

आक्का स्वतः शाळेच्या फाटकाशी आल्या. "तुमचं फूल कुठशी हाय ते दावा बघू."

वर नेलं. खिळे दाखवले. त्यांनी पट्टा चालून पाहिला, गवत मुठीत धरून बघितलं आणि हसल्या. म्हणाल्या, हितं गवत हाय कुठं? खडकाच्या कडेला माती उथळ, तिथं गवत गुडघ्याखाली, विरळ. भारा बांधायला अख्खा दिवस जायचा. कापणाऱ्या बायका तो पट्टा असाही शेवटीच घेतात, कधी कधी सोडूनही देतात. चांगलं गवत खालच्या खोलगट भागात, आणि तिथं आमची आमरी नाहीच. उंच गवतात ती टिकत नाही.

मी नकाशा तीन महिने बघतोय. गवताच्या दरानं तो बघायला आक्काच लागल्या.

ठरलं ते असं : कापणी खालून वर यायची. वरचा पट्टा सगळ्यांत शेवटी, कार्तिकी एकादशी झाल्यावर. तेव्हाही बुडाशी न कापता चार बोटं सोडून. पट्ट्याला दोरी लावायची नाही, कारण दोरी बघून पोरं आत शिरतात. आक्का बायकांना सांगतील. पैसे द्यायचं मी बोललो, त्यांनी उडवून लावलं. मुलांनी एक दिवस भारे उतरवायला यावं, एवढंच मागितलं. ते जास्त महाग पडलं असं मुलांचं मत आहे.

५ नोव्हेंबर

कापणी जोरात. भारे उतरवण्याचा दिवस पार पडला. अकरावीच्या पोरांना विळ्यापेक्षा कुसळांनी जास्त जेरीला आणलं.

वरचा पट्टा राहिलाय, पण पूर्ण नाही. पूर्वेच्या टोकाला दुसऱ्याच वाडीतल्या घरच्यांनी, ज्यांच्यापर्यंत आमचं बोलणं पोचलंच नव्हतं, जनावरांपुरतं गवत कापून नेलं. त्यांचा तो जुना हक्क आहे, लिलावाच्या बाहेरचा. तिथल्या दांड्यांचे बुडखे राहिलेत. हे टोक वेगळं नोंदवून ठेवतोय : शेजारी शेजारी एक कापलेला आणि एक न कापलेला तुकडा, सारखीच माती. मुद्दाम मांडायला गेलो असतो तर मला ते कापायला सांगायला जीव झाला नसता.

१९ नोव्हेंबर

बोंडं पिकली. तपकिरी, कागदी, बाजूनं उभ्या फटी पडल्यात. टोकं मात्र जोडलेली. एका बोंडाखाली काळा कागद धरून दांड्याला टिचकी मारली. धूर पडला म्हणावं इतकं बारीक बी. भिंगातून एक एक दाणा दिसतो : मधे गर्भाचा ठिपका, भोवती हवेनं भरलेली पातळ पिशवी. बस. दाण्यात शिदोरी नाही. ज्वारीच्या, हरभऱ्याच्या दाण्याला आई डबा बांधून देते; इथं तेही नाही. जमिनीतली ठरावीक बुरशी बियात शिरली तरच तिच्याकडून अन्न मिळतं आणि रुजवण होते, आणि मग वर पान यायच्या आधी बराच काळ जमिनीखालीच जातो. एका बोंडात हजारो दाणे का लागतात याचं हे उत्तर.

म्हणून "सर, बी नेऊन घरी कुंडीत लावू का?" याला उत्तर नाही. कुंडीत माती नेता येते, तिच्यातली ती बुरशी तशीच जगवता येत नाही. गड्डा उकरून नेला तरी एखाद-दोन वर्षांत झाड जातं. कागदावर पडलेलं बी मुलांनी तिथंच, पूर्वेच्या कापलेल्या टोकाला फुंकून दिलं. नोंद : बी कापलेल्या तुकड्यात बाहेरून गेलं आहे, पुढं तुलना करताना हे लक्षात घ्यावं.

२५ नोव्हेंबर

परवा गुरुवारी कार्तिकी एकादशी झाली. आज आक्कांनी वरचा पट्टा कापला. चार बोटं सोडायचं म्हणजे बायकांना हात आखडून कापावं लागतं. दोघींनी केलं, बाकीच्यांनी नेहमीसारखं बुडाशी. बी आधीच झडलेलं असल्यानं या वर्षी फरक पडत नाही.

२ डिसेंबर

नोंदवहीचं पान भरायला बसलो. स्थानिक नाव : "नाही." समितीच्या सचिवांना ते रुचेना, काहीतरी लिहा म्हणाले. धनगर बाबांचं वाक्य लिहिलं : गवतात असते, गणपतीच्या सुमारास पिवळे फूल.

ठिकाण : "गायरान." एवढंच. टेपची मोजमापं समितीच्या कपाटात बंद पाकिटात. एका रीलपायी फुलं तुडवली जातात हे आपण कासला बघतो.

उपयोग. हा रकाना. इथं "औषधी आहे का" या प्रश्नाचं उत्तर लिहायचं होतं, म्हणून मुलांना बसवून सांगितलं. आयुर्वेदात अष्टवर्ग म्हणून आठ वनस्पती आहेत, च्यवनप्राशात सांगितलेल्या. त्यातल्या ऋद्धी, वृद्धी, जीवक आणि ऋषभक या चार आज हिमालयातल्या आमऱ्या मानल्या जातात. ऋद्धी तर हबेनारियाच, आपल्या पिवळीची बहीण. औषध ठरल्यामुळं त्या सुखात आहेत का? कंद उकरून उकरून त्या तिथं दुर्मीळ झाल्या. सगळं आमरी कुळच सायटीस कराराच्या यादीत आहे, देशाबाहेरच्या व्यापारावर त्यानं बंधन येतं. पण आपल्या माळावर कुदळ घेऊन येणाऱ्याला सायटीस माहीत नसतं. त्याला "उपयोग : औषधी" एवढंच वाचता येतं. आपल्याकडचा अमरकंद, तोही जमिनीतली आमरीच, असाच उकरला जातो.

रकाना कोरा ठेवला. मागणी होती "काहीतरी", म्हणून त्यावर आडवी रेघ मारून सही केली.

त्याच पानाला पुरवणी जोडली आहे, जी पुढच्या मासिक सभेत वाचायची : गायरान गवताच्या लिलावाच्या अटींत एक ओळ घालावी की माळाच्या वरच्या अंगाचा खडकाळ पट्टा कार्तिकी एकादशीपूर्वी कापू नये, आणि त्या पट्ट्याच्या बदल्यात लिलावाच्या रकमेत सूट द्यावी. सूट किती, हे आक्कांनाच ठरवू द्या असं सरपंचताईंना म्हटलंय. दुसऱ्या वाडीतल्या घरांशी बोलणं मात्र लिलावाच्या कागदावर होणार नाही, त्यांच्या ओसरीवर जाऊनच करावं लागेल; ते काम बारावीत गेलेल्या दोघांनी मागून घेतलंय, कारण त्यांचं घर त्याच वाडीत आहे.

बाकी राहिलेलं : पुण्याला हर्बेरियमची सहल (फेब्रुवारी), वणव्याआधी पट्ट्याभोवती जाळपट्टा काढणं (जानेवारी, वनमजुरांना विचारून), खिळ्यांची यादी दोन प्रतींत, आणि गंजलेली वायसरं बदलणं. पुढच्या वेळी पितळी घ्यावीत.